नीळमामांचं एक वाक्य

नीळमामा खोटं बोलले नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या रस्त्यावरची अर्धी माणसं त्यांना खोटारडे म्हणतात आणि उरलेली म्हणतात, म्हातारपणी डोकं फिरलं. दोन्ही चूक. मामा बोलले ते खरंच होतं. फक्त ते अर्धं होतं, आणि त्या अर्ध्यावर आम्ही पुढचं सगळं रचलं. आम्ही म्हणजे त्यात मीही आले.

मी टेलर. बायकांचे कपडे शिवते, आणि मॅचच्या दिवसांत आमच्या फुटबॉल टीमचे झेंडे, पट्टे, बॅनर. मामांची लाँड्री माझ्या दुकानाला चिकटून. मधली भिंत एका विटेची. त्यांचं मोठं मशीन पिळायला लागलं की माझ्या टेबलावरची कात्री आपोआप सरकत कडेला येते. वीस वर्षांत दोनदा पायावर पडली आहे. दोन्ही वेळा मी भिंतीवर मूठ आपटून तोंडाचा पट्टा सोडला आणि दोन्ही वेळा पलीकडून त्यांनी ‘लागलं का गं?’ एवढंच विचारलं. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. चार माणसांत बसले तर पाचव्याला कळायचं नाही की मामा बसलेत.

नीळमामा हे नाव पडलं नखांमुळे. आमच्या टीमचा शर्ट पांढराशुभ्र. ‘हा रंग ज्याने ठरवला त्याने जन्मात कपडा धुतला नसणार,’ असं ते म्हणायचे. सव्वीस वर्षं ते शर्ट तेच धूत आले आणि तेवढी वर्षं शेवटच्या पाण्यात नीळ घालत आले, त्यामुळे नखांच्या कडा कायमच्या निळसर. मॅच त्यांनी कधी बघितली नाही. संपली की हातगाडी घेऊन मैदानाच्या मागच्या दाराने जायचे आणि मळक्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन यायचे. चिखल ओला असताना धुवायचा नाही, आधी सुकू द्यायचा, मग झटकायचा, गवताचे डाग वेगळे घासायचे, नंबर असलेली बाजू आत करायची. हे सगळं करता करता त्यांना न बघितलेली मॅच कळायची. कोण कुठल्या कुशीवर पडला, कोणाची कॉलर कोणी ओढली, कोण अर्धा वेळ बाकावर बसून होता. पण त्यातला एक शब्द बाहेर यायचा नाही. कामाच्या पहिल्या दिवशी तेव्हाच्या म्हाताऱ्या कोचने त्यांना सांगितलं होतं, ‘पिशवीतलं पिशवीत राहू द्या.’ मामांनी ते पंचवीस वर्षं पाळलं. कोणाच्या मोज्यात चिठ्ठी सापडली, कोणाच्या टॉवेलवर रक्त, सगळं मुकाट्याने धुऊन, घडी घालून परत.

नवरदेव आला पाच वर्षांपूर्वी. दहा नंबर. हे नाव आम्हीच ठेवलं. त्याच्या पायात काय होतं ते शब्दांत सांगायला मी काही मास्तर नाही; एवढंच सांगते की तो चेंडू थांबवायचा तेव्हा सगळं मैदान थांबल्यासारखं वाटायचं, आणि मग तो पास जिथे जायचा तिथे माणूस आहे हे आम्हाला पास पोचल्यावर कळायचं. पहिल्या वर्षी आम्ही त्याला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या वर्षी टीम घसरायला लागली. डोक्यावर घेतलेल्या माणसाचं एक असतं, तो खाली आपटायला जवळच असतो.

तिसऱ्या वर्षी तर रोज संध्याकाळी माझ्या दुकानात त्याचाच पंचनामा. माझ्याकडे एक लांब बाक आहे, ट्रायल घ्यायला आलेल्या बायकांसाठी. सहानंतर त्यावर टीमवाले. त्यातले दोघे रोजचे. एक बसचा ड्रायव्हर, आवाज हॉर्नसारखा. दुसरे निवृत्त मास्तर, ज्यांना दोन बाजू असलेली कुठलीही गोष्ट आवडायची आणि एक बाजू असलेल्या गोष्टीची दुसरी बाजू शोधून काढायची सवय होती.

“तो धावत नाही,” ड्रायव्हर म्हणायचा. “चेंडू गेला की कमरेवर हात. बाकीचे दहा जण कुत्र्यासारखे पळतात आणि हा नवरदेव उभा, आणा माझ्यासमोर ताट! मी चाळीस माणसं बसमध्ये भरून निघालो आणि आज मूड नाही म्हणून पुलावर गाडी उभी केली तर चालेल का?”

“अहो, तो उभा असतो तेव्हा समोरचे दोघे त्याच्याभोवती अडकलेले असतात,” मास्तर म्हणायचे. “नुसतं योग्य जागी उभं राहणं हेही कामच आहे.”

“मग आमच्या स्टॉपवरचा खांब सगळ्यात मोठा खेळाडू!”

सगळे हसायचे. मीही. माझं मत ड्रायव्हरच्या बाजूचं होतं, आणि ते मी सुई तोंडात धरूनसुद्धा मोठ्याने सांगायची. कला आहे, कळकळ नाही. गोल झाला तरी हा हवेत उडी मारत नाही. हरलो तरी गुडघ्यावर बसून रडत नाही. मॅच संपली की हात न हलवता सरळ आत. कुठल्याशा मोठ्या क्लबने त्याला बोलावलंय असंही कानावर होतं. मला त्याचा राग यायचा, अगदी घरच्या माणसाचा यावा तसा. आठवडाभर मी लोकांच्या बगला आणि कमरा मोजते, शनिवारचे दोन तास माझे असतात, आणि त्या दोन तासांत हा माणूस माझ्यासाठी मळायला तयार नाही!

अशाच एका संध्याकाळी नीळमामा एक शर्ट घेऊन आले. नंबराच्या पट्टीची टीप उसवली होती, ती घालून हवी होती. मी शर्ट घेतला, ते दारापाशी उभे राहिले. वाद तापलेला होता. मास्तरांना काय सुचलं कोण जाणे, ते वळून म्हणाले, “मामा, आपण उगाच भांडतोय. खरा साक्षीदार तर तुम्ही. अकराच्या अकरा शर्ट तुमच्या हातातून जातात. तुम्हीच सांगा, दहा नंबर कष्ट करतो की नाही?”

बाकावरचे सगळे वळले. ड्रायव्हर बोलता बोलता थांबला, ही गोष्टच मुळात नवलाची. मी मशीन थांबवलं. वीस वर्षांत त्या दुकानात मामांसाठी कोणी गप्प बसलं नव्हतं. ते जरा गोंधळले, माझ्याकडे बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं, आणि मग हसून म्हणाले,

“त्याच्या शर्टाला साबणच लागत नाही.”

एकच हशा. ड्रायव्हरने त्यांच्या पाठीत अशी थाप मारली की ते एक पाऊल पुढे आले. मी तर हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. कोणीतरी त्यांना बाकावर बसवलं, कोणीतरी चहा पुढे केला. नेहमी उभ्या उभ्या दोन घोट घेऊन जाणारे मामा त्या दिवशी चहा संपेपर्यंत बसले, आणि त्यांचे कान लाल झाले होते. खूश होते. मला ते बघून बरंही वाटलं होतं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य ड्रायव्हरच्या बसमध्ये चढलं आणि शहरभर उतरलं. शनिवारी मैदानात नवरदेवाच्या पायाला चेंडू लागला तशी एका कोपऱ्यातून आरोळी आली, “साबण!” पुढच्या शनिवारी सगळ्या कोपऱ्यांतून.

मामांना तेव्हा काय माहीत होतं ते मला फार उशिरा कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगते. माझ्यासारखं आंधळं होऊन तुम्ही कशाला बसायचं?

त्या वर्षीच्या पहिल्या मॅचपासून नवरदेवाचा उजवा गुडघा गेलेला होता. लाँड्रीचं शटर उघडायच्या आधी, सकाळी, तो मागच्या दाराने यायचा. हातात साधी कापडी पिशवी, त्यात दोन लांब क्रेप बँडेज. पुढे पुढे चार. क्लबच्या पिशवीत ती टाकली असती तर डॉक्टरला कळलं असतं. ‘डॉक्टर मला बसवतील, मामा,’ तो म्हणाला होता, ‘मी बसलो तर त्या जागेवर आहे कोण?’ आणि खरंच कोणी नव्हतं. त्या जागेवर खेळणारे दोघेही आदल्या वर्षी क्लब सोडून गेले होते. समोरच्या टीमला कळलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत त्याच गुडघ्यावर लाथ बसली असती. म्हणून तो मांडीपासून पोटरीपर्यंत पाय घरीच बांधून यायचा, वरून लांब चड्डी आणि मोजे. म्हणून तो पडायचा नाही. पडला तर उठता येईल की नाही याची त्यालाच खात्री नव्हती. शर्टावर चिखल नसायचा, पण पिशवीतून काढताना अकरा शर्टांत सगळ्यात जड तोच असायचा, घामाने. एवढा घाम धावून येत नाही, मामा आता म्हणतात, दुखणं सोसून येतो.

क्रेप बँडेज पिळायचं नसतं आणि टांगायचंही नसतं, नाहीतर त्याचा ताण जातो. मामा ते कोमट पाण्यात हातांनी दाबून धुवायचे आणि आतल्या इस्त्रीच्या टेबलावर सपाट पसरून ठेवायचे. एकदा मी कात्रीची तक्रार घेऊन आत गेले तेव्हा ते मी पाहिलंसुद्धा. विचारलं, “हे कोणाचं?” तर म्हणाले, “आक्काच्या पायाचं.” आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, लाँड्रीच्या वर राहते. आता आक्काचं माप दरवर्षी मीच घेते. तिच्या पायाला सूज नाही, पट्टी नाही, जिना माझ्यापेक्षा भरभर चढते. तरी मला शंका आली नाही. नवरदेवाचा राग डोक्यात असल्यावर डोळ्यांना सुट्टीच होती.

तर असं सगळं माहीत असताना हा माणूस ते वाक्य बोलला. का बोलला? मी पुष्कळ विचार केला आहे. मामा दुष्ट नव्हते, बडबडे तर नव्हतेच. पण सव्वीस वर्षं ज्याला कोणी काही विचारलं नाही, त्याला एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून विचारलं, आणि आम्हाला काय ऐकायचं आहे ते आमच्या तोंडांवर लिहिलेलं होतं. त्यांनी तेवढंच वाचून दाखवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी त्यांना पुढे रागाने म्हटलंही. पण त्या दिवशीची माझ्या तोंडावरची हाव त्यांनी आरशासारखी परत केली, हे मला मनातून माहीत आहे.

वर्षाची शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती. निदान बरोबरी हवी होती, नाहीतर टीम खालच्या गटात. इतकी मोठी मॅच, आणि आमच्या लोकांनी काय ठरवावं? प्रत्येकाने एक साबणाची वडी आणायची आणि नवरदेव मैदानात उतरला की फेकायची. बॅनर माझ्याकडे. बारा हात लांब जाड सुती कापड, त्यावर हिरवी अक्षरं: ‘साबण आम्ही देतो, तू फक्त मळून दाखव!’ शब्दरचना ड्रायव्हरची, शिलाई माझी.

दोन दिवस आधी मामा दुकानात आले. मी एकटीच होते. ‘मळून’मधला ‘म’ कापत होते.

“बॅनर शिवू नकोस,” ते म्हणाले.

“का?”

“मी सांगतोय म्हणून.”

“वा मामा! वाक्य तुमचं, आणि टीप मी घालायची नाही?”

“माझं चुकलं ते.”

“म्हणजे? त्याच्या शर्टाला साबण लागतो?”

मामा बोलायला गेले आणि थांबले. मग खाली बघून म्हणाले, “नाही लागत.”

“मग झालं तर!”

“तसं नाही गं. सगळंच बोलता येत नाही. पिशवीतलं पिशवीत राहू द्यावं लागतं.”

“हे शहाणपण त्या दिवशी कुठे गेलं होतं?” मी म्हणाले. माझी जीभही काही कमी नाही. “नियम मोडायचाच होता तर पूर्ण मोडा, नाहीतर पाळायचा होता तर पूर्ण पाळायचा. अर्धा मोडून वर आता मला नियम सांगू नका.”

मला काहीच माहीत नसताना मी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मामांचा चेहरा पडला. त्याच सकाळी त्यांनी नवरदेवाला विचारलं होतं, ‘सांगून टाकू का लोकांना?’ आणि तो म्हणाला होता, ‘एक मॅच उरली, मामा. ओरडू देत.’ आता सांगावं तर त्याच्या गुडघ्याचा घात, न सांगावं तर त्याच्या अब्रूचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ते गेले, आणि मी हट्टाने त्या बॅनरला दुहेरी टीप घातली.

मॅचच्या दिवशी वारा होता. बारा माणसांनी बॅनर धरलं, मी मधोमध, ड्रायव्हर माझ्या शेजारी. टीम मैदानात आली. दहा नंबर सगळ्यांच्या शेवटी, मान सरळ, कुठेही न बघता. आणि आमच्या बाजूने साबण सुटला. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या वड्या, काही कागदासकट. एक त्याच्या खांद्याला लागली. तो थांबला, पण वळला नाही. लोक इतके हसत होते की मला माझा आवाजही ऐकू येईना, आणि मी ओरडत होते हे नक्की.

रेफरीने शिट्टी वाजवली. मैदान साफ झाल्याशिवाय खेळ सुरू होणार नव्हता. तेव्हा मागच्या दारातून नीळमामा बाहेर आले. कपड्यांची टोपली काखेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते त्या गवतावर पाय ठेवत होते. ते चालत मध्यापर्यंत गेले, वाकले, एक वडी उचलून टोपलीत टाकली. मग दुसरी. कोणाकडे बघणं नाही, घाई नाही. दोरीवरून पडलेले कपडे उचलावेत तसे. “अरे, मामा!” ड्रायव्हर ओरडला, “कामाला आले बघा, साबणाची सोय झाली!” पुन्हा हशा. मी हसले नाही. मामा पुढच्या वडीकडे वळले.

मग नवरदेव त्यांच्याजवळ गेला आणि तोही उचलायला लागला.

मी टेलर आहे. माणूस कसा उभा राहतो, वाकताना कुठे अडतो, कपडा कुठे ताणला जातो, हे मला न बघता दिसतं. तो उजवा गुडघा वाकवत नव्हता. तो पाय बाजूला काठीसारखा ताठ ठेवून, सगळा भार डाव्यावर घेऊन कमरेत वाकत होता, आणि प्रत्येक वेळी वर येताना क्षणभर श्वास धरत होता. चड्डीखाली मांडीवर एक कड उठली होती. शिवणीची नव्हती. गुंडाळलेल्या पट्टीची होती. इस्त्रीच्या टेबलावर सपाट पसरलेली ती लांब बँडेज माझ्या डोळ्यांसमोर आली.

“बघ, वाकतोय कसा!” ड्रायव्हर म्हणाला. “पाय लांब करून, नाटकी. आपली टिंगल करतोय. वाकण्यातही माज!”

“अहो, त्याचा...” मी बोलले आणि जीभ चावली. आमच्यापासून दहा पावलांवर समोरच्या टीमचे लोक उभे होते. मी ‘गुडघा’ म्हटलं असतं तर दोन मिनिटांत तो शब्द मैदानात गेला असता. आमच्या वाक्यांना पाय किती चटकन फुटतात ते मी बघितलेलं होतं.

मी बॅनर खाली ओढायला लागले. दोन्हीकडून बारा माणसांनी ते ताणून धरलेलं. “काय करतेस? वर धर!” ड्रायव्हर ओरडला. मी कापड फाडायचाही प्रयत्न केला. दुहेरी टीप होती. फाटलं नाही. शेवटी मी हात सोडून खाली बसले, आणि माझ्या जागी दुसऱ्या कोणीतरी ते धरलं.

आम्ही खालच्या गटात गेलो नाही. एक-एक बरोबरी. आमचा गोल त्याच्याच पासवर झाला. तीन माणसांच्या मधून, उभ्या उभ्या. पंचाहत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं तेव्हा तो सावकाश चालत गेला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या, वेळ काढतोय म्हणून की माज म्हणून, कोण जाणे. आणि मॅच संपल्यावर, पायऱ्या उतरताना, मी काय ऐकलं? “बघितलंस? मनात आणलं तर येतं त्याला. म्हणजे वर्षभर मनात आणलंच नाही!” साबणाने काम केलं, असं म्हणत सगळे एकमेकांना टाळ्या देत होते.

मी मागच्या दारापाशी गेले. मामा हातगाडीजवळ उभे होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं.

“दिसलं तुला?”

“दिसलं.”

“मग चल. मी आत जाऊन त्याला सांगणार आहे, ते वाक्य माझं म्हणून. तूही चल. बॅनर तुझं होतं.”

माझी बिशाद नव्हती नाही म्हणायची. सामानाच्या खोलीत तो एकटा बसला होता, पाय उलट्या बादलीवर. बँडेज सोडलेली होती. तो गुडघा मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगते, त्याचं माप घ्यायची वेळ आली असती तर पट्टी कुठे लावावी हे मला कळलं नसतं.

मामा उभ्याउभ्याच बोलले. एका दमात, सगळं. दुकान, मास्तरांचा प्रश्न, हशा, चहासुद्धा. शेवटी म्हणाले, “दोन थोबाडीत मार मला. पण गप्प बसू नकोस.”

“माहीत होतं मला, मामा,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“पहिल्याच शनिवारपासून. माझा शर्ट कसा येतो ते तुमच्याशिवाय कोण बघतं?”

मामा खाली बसले. “मग तरी पिशवी माझ्याकडेच आणत राहिलास?”

“दुसरीकडे नेली असती तर तिथे कोणीतरी बोललंच असतं. तुम्ही बोलून बसला होतात. एकदा घसरलेला माणूस दुसऱ्यांदा जपून चालतो, असा अंदाज केला.” त्याने बादलीवरचा पाय जरा सरकवला. “विश्वास वगैरे नव्हता, मामा. उगाच तसं समजू नका.”

मी मध्येच म्हणाले, “बॅनर मी शिवलं होतं.” त्याने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं.

“पक्कं शिवलंत,” तो म्हणाला. “एवढ्या वाऱ्यातही फाटलं नाही.”

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग तो गुडघ्याकडे बघत म्हणाला, “मागच्या महिन्यात आईचा फोन आला. टीव्हीवर मॅच बघते ती. म्हणाली, ते लोक तुला साबण साबण का म्हणतात रे? मी सांगितलं, लाडाने म्हणतात. तेव्हापासून तीही फोनवर मला लाडाने तेच म्हणते.”

मामांनी तोंडावर टॉवेल धरला. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यांची बायको गेली त्या वेळीही नाही.

“मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे,” तो म्हणाला. “ऑपरेशन आहे. मी गेल्यावर सांगायचं असेल तर सांगा. सगळं सांगा. माफीबिफी मला जमणार नाही आत्ता. एवढं मात्र करा.”

तो गेला. क्लबने त्याला परत बोलावलं नाही. बाकावर निकाल लागला: गेला शेवटी मोठ्या क्लबकडे, पैशाकडे, आम्ही म्हणत नव्हतो? त्याच संध्याकाळी मामा आले, बाकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आधी माझी चूक सांगतो.” मग गुडघा, बँडेज, मागचं दार, घामाने जड झालेला शर्ट, सगळं सांगितलं. ड्रायव्हरने शेवटपर्यंत ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. “मामा, गुडघा मोडलेला माणूस असला पास देईल? आणि तुम्हीच तर म्हणाला होता, साबणच लागत नाही!” पुन्हा हशा, तोच. मी उठून सांगितलं की मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तर म्हणे बाई हळवी, बरोबरी झाली तसा नवरदेवाचा पुळका आला. मास्तरांना पटलं. पण तेही म्हणाले, “गेला ना तो? आता सोडा.”

मामांनी सोडलं नाही. कपडे द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात. पावती हातात देता देता, बटणं मोजता मोजता, “आधी माझी चूक सांगतो,” असं सुरू करून. जो माणूस चार जणांत बसलेला कळायचा नाही, त्याला टाळायला लोक आता रस्ता ओलांडून पलीकडच्या लाँड्रीत जातात. दोन वर्षं झाली. भिंतीपलीकडून रोज मला ते ऐकू येतं. आता मला ते त्यांच्याच शब्दांत पाठ आहे.

परवा मी न राहवून आत गेले. म्हटलं, “मामा, कोणी ऐकत नाही. गिऱ्हाईकं तुटली. कशाला सांगत बसता?”

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. “ते एकदाच बोललो होतो,” म्हणाले, “तुझ्या दुकानात, सहा-सात माणसांत. त्याच्या आईपर्यंत पोचलं. हे दोन वर्षं बोलतोय. अजून तिच्यापर्यंत पोचलेलं नाही.”

तेवढ्यात घंटी वाजली. कोणीतरी चादरी घेऊन आलं होतं. मामा हात पुसत बाहेर गेले.